उरलेली उभी रेघ

डान्झिगहून आलेल्या त्या पत्राला रोम्बाउटने उत्तर पाठवलं नव्हतं. आधी आठवडाभर पाठवलं नाही, मग महिनाभर. पुढे उत्तर लिहायचं तर आधी उशिराचं कारण लिहायला हवं, आणि ते सुचेना म्हणून वर्षभर. अशी नऊ वर्षं गेली. पत्र त्याने वनस्पतींच्या एका जाडजूड पुस्तकात, मंजिष्ठेच्या पानापाशी ठेवून दिलं होतं. चित्रातल्या फुलांचे देठ बरोबर आहेत की नाहीत हे पाहायला तो ते पुस्तक रोज उघडत असे. पुस्तक आपोआप मंजिष्ठेपाशी उघडायला बघे. मग तो अंगठ्याने पानांचा एक गठ्ठा एकदम उलटून टाकी आणि आपण काही केलं नाही अशा चेहऱ्याने पुढचं पान वाचू लागे. खोलीत दुसरं कुणी नसलं तरीसुद्धा.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळीही तो पुस्तकच घेऊन बसला होता. चर्चमध्ये जायचं होतं, पण काम तसं किरकोळ होतं. लोकर रंगवणारा मार्टेन तीन आठवड्यांपूर्वी वारला होता आणि चित्रातल्या त्याच्या डोक्यावर क्रूस काढायचा होता. ब्रुजमध्ये घरातल्या माणसांचं चित्र काढून चर्चमध्ये लावलं, तरी ते कधी पुरं झालेलं नसतं. सगळे गुडघे टेकून, हात जोडून बसलेले असतात. डावीकडे बाप आणि मुलगे, उजवीकडे आई आणि मुली. जे आधीच गेले त्यांच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा लाल क्रूस असतो. मग मागे राहिलेल्यांपैकी एकेक जण जाईल तसा चित्रकाराला निरोप येतो, आणि तो चिमूटभर लाल हिंगूळ आणि एक बारीक कुंचला घेऊन जातो. रोम्बाउट आता सत्तरीला आला होता. गेल्या काही वर्षांत त्याच्याकडे नवी चित्रं फारशी येत नव्हती, पण क्रूस येत होते. आपण रंगवलेली माणसं अशी एकेक करून आपल्याला परत बोलावतात, हे त्याला आवडतही असे आणि आवडत नसे.

"दादा, ठेव ते पुस्तक," त्याची विधवा बहीण मायकेन चुलीपाशून म्हणाली. "मार्टेन थांबेल, त्याला आता कुठे जायचंय! पण चर्चमधला पाउवेल थांबायचा नाही. दहा वाजले की त्याला बिअर लागते."

"हिंगूळ अजून थोडा घोटतो."

"एका क्रूसाला किती घोटशील? सगळ्या गावाला काढणारेस का आज?"

बहिणीच्या बोलण्याला त्याला उत्तर सुचे, पण ते जिना उतरून रस्त्यावर आल्यावर.

चर्चमध्ये गारठा होता. घंटा वाजवणाऱ्या आणि मेणबत्त्या सांभाळणाऱ्या पाउवेलने त्याच्यासाठी गुडघ्याखाली घ्यायची उशी आणून ठेवली होती. रंगाऱ्यांच्या कोपऱ्यातलं ते चित्र खांबाला टांगलेलं होतं, तेही इतकं खाली की गुडघे टेकले की चित्रातल्या माणसांशी नजरानजर व्हावी. रोम्बाउटने आधी मार्टेनकडे पाहिलं. जाड मान, फरची कॉलर, जोडलेले हातसुद्धा हुकूम सोडल्यासारखे. त्याच्या मागे थोरला मुलगा. दोघांच्या मध्ये दुपट्यात गुंडाळलेली, नाव ठेवण्याआधीच गेलेली दोन बाळं. त्यांच्या डोक्यांवरचे क्रूस कालच काढल्यासारखे लाल. आणि सगळ्यांत मागे, जरा बाहेरच्या बाजूला, धाकटा योस. रोम्बाउटची नजर योसच्या डोक्यावर गेली आणि तिथेच थांबली. क्रूस नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. डोळे बारीक केल्यावर एक उभी रेघ दिसत होती, पातळ, फिक्कट, दुधात कुंकवाचा थेंब पडून विरावा तशी. आडवी रेघ मुळीच उरली नव्हती.

त्याचे कान तापले. पहिला विचार आला तो असा की आपला रंग उडाला. बाळांचे क्रूस मूळ चित्राबरोबर काढले होते. योसचा वर्षभराने, वेगळ्या वाटीतल्या रंगाने. त्याला ती वाटी आठवली. हिंगूळ तासभर घोटायला हवा. त्या दिवशी त्याने तो अर्धा तास घोटला होता आणि उरलेला अर्धा तास खिडकीपाशी उभं राहून वाचलं होतं. वाचलेलं आता एक अक्षर आठवत नव्हतं, पण अर्धा तास आठवत होता. आयुष्यभर त्याला हीच भीती वाटत आली होती, की आपण घाईने केलेलं एखादं काम कुठेतरी भिंतीवर बसून आपली वाट पाहत असेल. बाकीचे चित्रकार म्हणत, रोम्बाउटला खुणा सगळ्या ठाऊक आहेत. ते खरं होतं. विझलेली मेणबत्ती कुठे ठेवायची, विधवेच्या हातात कोणतं फूल द्यायचं, कवटीचं तोंड कुणीकडे वळवायचं, पांढऱ्या टोपीवर माशी बसवली तर ती का, हे त्याला पुस्तकांतून पाठ होतं. चेहऱ्यांचं मात्र त्याला कधीच कळलं नाही. चेहरे तो दिसतील तसे उतरवून घेई आणि आत काय असेल ते असो म्हणून सोडून देई. त्याची बायको गेली तेव्हा तिचं एकही चित्र घरात नव्हतं. पुढच्या वर्षी आपला हात सुधारेल, मग काढू, असं म्हणत त्याने बावीस वर्षं काढली होती. क्रूस काढायला आधी डोकं तरी रंगवलेलं असावं लागतं.

योसचं डोकं मात्र त्याने मनापासून रंगवलं होतं. एकोणीस वर्षांचा पोरगा, चार बैठकांना आला आणि चारही वेळा बडबडत राहिला. "मास्तर, नाक जरा लहान करा, स्वर्गात माझं लग्न जमायचंय." रोम्बाउटला हसू आलं होतं आणि नाक त्याने खरंच जरा लहान केलं होतं. मग हात रंगवायची वेळ आली. निळीत हात बुडवून बुडवून पोराची नखं निळीकाळी झाली होती. रंगाऱ्यांची पोरं एरवी चित्रासाठी हात लिंबाने घासून येत. हा तसाच आला होता. "नखं अशीच ठेवू?" रोम्बाउटने संकोचाने विचारलं. "ठेवा की. नाहीतर देव मला ओळखायचा नाही." नखं निळी ठेवली. चित्र लागल्यावर मार्टेन त्यावरून चिडला होता म्हणे.

त्यानंतर वर्षभराने मार्टेन आणि त्याची बायको गोदेलीफ एका सकाळी त्याच्याकडे आली. मार्टेन उभ्यानेच बोलला. योस जहाजावर होता, जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याला बुडालं, क्रूस काढा. एवढंच. रोम्बाउट त्या वेळी चिंधीने कुंचला पुसत होता आणि गोदेलीफ सारखी त्या चिंधीकडे पाहत होती. चेहरा कोरडा, ओठ घट्ट मिटलेले. सांत्वनाचं काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "समुद्राचं काही सांगता येत नाही." त्यावर तिने एकदा मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चिंधीकडे पाहू लागली. ती दोघं जिना उतरून गेल्यावर त्याने तासभर हिंगूळ घोटायचं ठरवलं, आणि अर्धा तास घोटला.

मग दीड वर्षाने ते पत्र. एका खलाशाने आणून दिलेलं, मीठ लागून चरचरीत झालेलं. योस बुडाला नव्हता. तो नव्या पंथाच्या लोकांत गेला होता, त्याने मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता. ज्या बापाला त्या पापाचा डाग घरावर नको होता त्याने मुलाला नुसत्या बोलण्यानेच समुद्रात बुडवून टाकलं होतं. पत्रात चिडचिड नव्हती. योसने लिहिलं होतं की तो डान्झिगला पिंपं बनवतो, नखं आता स्वच्छ झाली आहेत, ओळखू येत नाहीत. ब्रुजच्या एका माणसाने त्याला सांगितलं की तुझ्या डोक्यावर क्रूस आहे. "बापाचं मला कळतं, मास्तर. आईचं कळत नाही. क्रूस काढा म्हणाली तेव्हा तुम्ही तिचा चेहरा पाहिला असेल. तिला दुःख होतं की राग होता, एवढं एका ओळीत कळवा. दुःख असेल तर मी कसाही निरोप धाडीन. राग असेल तर मेलेलाच बरा, पुन्हा त्रास देणार नाही."

अशा माणसाला पत्र लिहिणं म्हणजे गळ्यात फास घेणं. बादशहाचा हुकूमच तसा होता, बाजारात वाचून दाखवलेला. रोम्बाउटने स्वतःला हे कारण पुष्कळ वेळा सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पण मंजिष्ठेचं पान चुकवताना अंगठ्याला जे कळे ते वेगळंच होतं. त्याने तो चेहरा पाहिला होता आणि त्याला तो वाचता आला नव्हता. दुःख लिहावं तर ते खोटं निघेल, राग लिहावा तर तो खोटा निघेल, आणि मला कळलं नाही असं लिहावं तर मग चाळीस वर्षं आपण कुंचला हातात धरून काय करत होतो? म्हणून त्याने काहीच लिहिलं नाही. आणि उत्तर न देणं म्हणजे राग असंच त्या पोराने धरलं असणार, हे त्याला फार उशिरा, एका दुपारी सूप पिताना कळलं. त्या दिवशी त्याचा चेहरा पाहून मायकेनने विचारलं होतं, "खारट झालंय का?"

"मास्तर, झोपलात की काय?" मागून पाउवेलचा आवाज आला.

"नाही नाही. हा क्रूस... माझा रंग टिकला नाही बहुतेक. लाज वाटण्यासारखं आहे."

पाउवेल हसला. "तुमच्या रंगाला काय झालंय! म्हातारी पुसते तो."

"कोण?"

"कोण म्हणजे? गोदेलीफबाई. दर रविवारी प्रार्थना संपली, लोक उठायला लागले, की ही उठताना तोल गेल्यासारखं करते आणि खांबाला धरते. धरते ती नेमकी तिथेच. आधी मला वाटलं, मायेने हात लावते. पोरगं बुडालेलं, लावू दे. मग एकदा बघितलं, तर बोट तोंडात ओलं करून एकदाच घासलं. एकदाच हां! दुसऱ्यांदा नाही."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलू? मेणबत्त्या पैसे मोजून विकत घेते ती, इतरांसारखी उरलेल्या परत मागत नाही." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आज आलाच आहात तर त्याचाही जरा ठळक करून टाका. परवा पाद्रीबाबा विचारत होते, याचा क्रूस गेला कुठे, हा जिवंत आहे की काय म्हणून. थट्टेतच म्हणाले. पण त्यांची थट्टा मला आवडत नाही."

पाउवेल बिअरला निघून गेला. रोम्बाउटने मार्टेनचा क्रूस काढला. उभी रेघ, आडवी रेघ. मग कुंचला तसाच ओला धरून तो योससमोर सरकला. दोन रेघा, की झालं. पाद्रीबाबांचं समाधान, पाउवेलचं समाधान, हुकूम देणारा माणूस तर आता स्वतःच क्रूसाखाली. रोम्बाउटने जवळ जाऊन पाहिलं. क्रूसाच्या जागी राळेचा लेप झिजून गुळगुळीत वाटोळा खळगा झाला होता, एका बोटाच्या टोकाएवढा. त्याच्याभोवती निळं आकाश तसंच चकचकीत होतं. त्याने मनातल्या मनात रविवार मोजले. एका रविवारी एकदाच घासायचं. एकदम पुसला असता तर दुसऱ्याच दिवशी बोभाटा झाला असता. म्हणून कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं हळू, लोक जितक्या हळू माणसाला विसरतात तितक्याच हळू. आणि तिची ती कोरडी नजर, चिंधीवर खिळलेली. तिला चिंधी हवी होती, तो क्रूस पुसून टाकायला. इतकं साधं होतं ते. पण लगेच रोम्बाउटला शंकाही आली, की हे तरी आपण बरोबर वाचतो आहोत का.

"ठळक करताय?"

गोदेलीफ त्याच्या मागे उभी होती. काळी शाल, हातात ओल्या सुताने बांधलेल्या दोन मेणबत्त्या. ती पूर्वीपेक्षा फार लहान दिसत होती.

"नाही, बाई."

"पाउवेल म्हणाला, करणार आहेत."

"पाउवेल म्हणाला. मी नाही म्हणालो."

ती बाकावर बसली. बराच वेळ तिने नवऱ्याच्या नव्या क्रूसाकडे पाहिलं. "चांगला झालाय," ती म्हणाली. "तुमचा रंग फार चिवट हो, मास्तर. आमच्या घरात रंग पक्का कसा करायचा ते सगळ्यांना शिकवतात. उतरवायचा कसा ते कुणी शिकवलं नाही."

या बोलण्यात थट्टा होती की आरोप, हे त्याला नेहमीसारखंच कळलं नाही. पण या वेळी त्याने ते कळेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे तोंडातून निघूनच गेलं. "बाई, डान्झिगहून एक पत्र आलं होतं. माझ्याकडे. योसचं."

तिच्या मांडीवरच्या मेणबत्त्या एकमेकींवर आपटल्या. "कधी?"

"नऊ वर्षं झाली."

बाहेर कुणीतरी दगडी फरसबंदीवरून हातगाडी ओढत नेत होतं. आवाज लांब जाऊन संपल्यावर ती म्हणाली, "अक्षर कसं होतं?"

"अक्षर?"

"ओळी सरळ होत्या का?"

"नाही. शेवटाकडे खाली उतरत होत्या. सगळ्याच."

"त्याचंच," ती म्हणाली. आणि मग एकदम उसळून, दबक्या पण धारदार आवाजात, "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी थुंकी लावून बोट झिजवतेय, आणि तुम्ही घरी बसून फुलांना देठ काढताय? माणूस आहात का लाकडाची फळी? मला वाटायचं, तो खरंच बुडाला असला तर? मी देवाच्या घरातला खरा क्रूस पुसतेय, त्याच्या आत्म्याला कोण प्रार्थना करणार? दर रविवारी पुसायचा आणि दर रविवारी त्याचीच माफी मागायची. आणि उत्तर तुमच्या फडताळात!"

"पुस्तकात," तो म्हणाला, आणि ते बोलल्याबद्दल त्याला जीव नकोसा झाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, हे त्याने ठरवायचा प्रयत्न केला नाही. "काय विचारलंय त्याने?"

"त्याने विचारलं, क्रूस काढायला सांगताना तुम्हाला दुःख होतं की राग."

"आणि तुम्ही काय कळवणार होता?"

"मला समजलं नव्हतं. तुम्ही चिंधीकडे पाहत होता."

"आता समजलं?"

त्याने त्या खळग्याकडे पाहिलं. "हो."

"मग लिहा." ती उठली, सवयीने खांबाला धरायला हात पुढे केला, आणि त्याच्यासमोर संकोचून मागे घेतला. मग तिला काय वाटलं कोण जाणे. तिने बोट ओलं केलं आणि उभ्या रेघेवरून एकदा फिरवलं. एकदाच. "जपून लिहा," ती म्हणाली. "तुम्हाला पकडलं तर आमचे क्रूस कोण काढणार?"

घरी येऊन त्याने मंजिष्ठेचं पान उघडलं. नऊ वर्षांत पत्राचा डाग दोन्ही पानांवर उतरला होता. दोन दिवस तो लिहीत आणि फाडत होता. पहिल्या कागदात उशिराच्या कारणांनीच दोन बाजू भरल्या. दुसऱ्यात तो खुणांबद्दल लिहू लागला, कोणती खूण पुस्तकांत काय सांगते आणि माणसं तिचं काय करतात. मायकेन चुलीत टाकलेले तुकडे पाहून म्हणाली, "दादा, पाहुण्याला जेवायला बोलावणार असलास तर 'ये' एवढंच म्हणावं लागतं." तिला त्याने काही सांगितलं नव्हतं. तिसरा कागद त्याने छोटासा घेतला. दहा ओळींत सगळं आलं. पुन्हा वाचलं, बरं वाटलं. घडी घालताना त्याची नजर वर गेली आणि त्याचा हात थिजला. आयुष्यभर प्रत्येक पत्राच्या माथ्यावर काढायचा तसा, सगळेच काढतात तसा, त्याने नकळत कागदाच्या वर मधोमध छोटासा क्रूस काढला होता. आणि त्याच्या बरोबर खाली नाव होतं: योस.

तो कागदही चुलीत गेला. चौथा कागद घेतल्यावर बराच वेळ त्याने माथ्यावरची ती मोकळी जागा डाव्या तळहाताने झाकून धरली आणि मगच लिहायला लागला.

'योस, तुझ्या पत्राचं उत्तर मी नऊ वर्षं दिलं नाही; दोष माझा, तुझ्या घरच्यांचा नव्हे. क्रूस काढायला तुझ्या वडिलांनी सांगितलं. तुझी आई तेव्हापासून दर रविवारी तो बोटाने पुसत आली आहे. आडवी रेघ गेली. उभी थोडी उरली आहे. वडील जानेवारीत वारले. आई थकली आहे पण खांबाला धरून उठते. तू कुठलाही निरोप धाड, माझ्या नावाने धाड. तुझी नखं इथे अजून निळीच आहेत. रोम्बाउट.'

शुक्रवारी सकाळी तो धक्क्यावर गेला. डान्झिगहून धान्य आणणाऱ्या जहाजाचा तांडेल हारमेन रिकाम्या पोत्यांवर बसून हेरिंग मासा खात होता; तिथून तो होडीने स्लूस बंदराला जाणार होता, आणि तिथून पुढे जहाजावर. रोम्बाउटने पत्र पुढे केलं. तांडेलाने हात विजारीला पुसले, पत्ता वाचला, कागद उजेडात धरून पाहिला.

"पिंपं बनवणारा योस. डान्झिगला पिंपवाले पुष्कळ. आणि असे कितीतरी साथीत गेले, आजोबा. हा आहे ना जिवंत?"

रोम्बाउटला हे माहीत नव्हतं. नऊ वर्षांत काहीही झालेलं असू शकत होतं. हाच प्रश्न त्याला रात्रंदिवस खात होता. तो नेहमीसारखा म्हणणार होता, कोण जाणे, सांगता येत नाही.

"आहे," तो म्हणाला.

तांडेलाने खांदे उडवले, पत्र छातीशी असलेल्या चामडी पिशवीत टाकलं आणि पिशवीचा पट्टा ओढून घट्ट केला.